शुश्रूषेची किंमत : एका चळवळीचा इतिहास

कामगारांचा इतिहास सांगताना आपण भोंग्यापासून सुरुवात करतो आणि पगार, बोनस, संप, तडजोड या वाटेने पुढे जातो. या वाटेवर एक माणूस हटकून सुटतो. घरात कोणी अंथरुणाला खिळले म्हणून ज्याने, बहुधा जिने, चालू नोकरी सोडली तो हा माणूस. त्याच्या नावाचे पान हजेरीबुकातून निघून जाते आणि आमच्या सभासद-यादीतूनही. अशा माणसांनी एका देशात संघटना केली आणि सरकारकडून हक्क मिळवला. तो देश इंग्लंड.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर बेव्हरिजसाहेबांच्या १९४२ च्या अहवालावर सामाजिक विम्याची मोठी इमारत उभी राहिली. तिचा पाया वर्गणी हा होता. कामावर असाल तर दर आठवड्याला वर्गणी भरायची आणि त्या जोरावर आजारपणात, बेकारीत, म्हातारपणी पैसे घ्यायचे. व्यवस्था चांगलीच होती. पण आईबापांच्या शुश्रूषेसाठी जिने काम सोडले तिचे काय? ती आजारी नव्हती आणि बेकारही नव्हती. दिवसाचे चोवीस तास राबत होती, पण कायद्याच्या लेखी काहीच करीत नव्हती. आजचा पगार गेला, आणि वर्गणी खंडित झाल्यामुळे उद्याच्या पेन्शनलाही कात्री लागली. आईबापांची सेवा करता करता ती स्वतःच्या म्हातारपणाची गरिबी तयार करीत होती.

मेरी वेब्स्टर ही काँग्रिगेशनल पंथाच्या चर्चमधील धर्मोपदेशिका. १९५४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिने वृद्ध आईवडिलांसाठी काम सोडले. लग्न न झालेली मुलगी घरात असताना दुसऱ्या कोणी कशाला पाहायचे, ही समजूत आपल्याकडेच आहे असे नव्हे. नऊ वर्षांनी, १९६३ साली, तिने वर्तमानपत्रांना पत्र लिहून आपल्यासारख्या स्त्रियांची अडचण मांडली. त्यावर शेकडो बायकांची उत्तरे आली. प्रत्येकीला वाटत होते की हे संकट आपल्या एकटीच्याच घरचे आहे. गिरणीत हजार माणसे एका छपराखाली असतात, म्हणून त्यांना आपली संख्या डोळ्यांनी दिसते. ह्या बायका हजार घरांत हजार दारांआड होत्या. त्यांना एकमेकींचा पत्ता लागला तो टपालाने. संघटनेचे काम करणाऱ्याला याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. १९६५ साली अविवाहित स्त्रिया व त्यांचे अवलंबित यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९६७ साली करात थोडी सवलत मिळाली. जिला उत्पन्नच नाही तिने ती कशातून वजा करायची, हा प्रश्न उरलाच. तरी पहिले यश ते यश. वेब्स्टरबाई १९६९ साली वारल्या, तेव्हा त्यांची पन्नाशीही उलटली नव्हती.

१९७१ पासून सदैव सोबतीची गरज असलेल्या रुग्णाला भत्ता सुरू झाला; पण तो रुग्णाच्या नावाने. शुश्रूषा करणाराला स्वतःच्या नावाने भत्ता मिळू लागला १९७६ साली. आठवड्याला निदान ३५ तास सेवा हवी आणि कमाई ठरावीक मर्यादेच्या आत हवी, अशा अटी होत्या. सर्वांत मोठी मेख वेगळीच होती. विवाहित स्त्रीला हा भत्ता नाही! कारण काय, तर ती एरवीही घरीच असते.

ही मेख उपटली जॅकी ड्रेक या विवाहित बाईने. तिने १९८४ साली आजारी आईसाठी नोकरी सोडली, १९८५ च्या फेब्रुवारीत अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. २४ जून १९८६ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. गंमत अशी की ऐन आदल्या दिवशी ब्रिटिश सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याचे जाहीर करून टाकले. संपाच्या आदल्या रात्री चर्चेला बोलावणारे मालक आम्हीही पाहिले आहेत.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईच्या गिरण्यांत शुश्रूषेचा प्रश्न फारसा दिसला नाही, कारण तो एस्टीने, बोटीने कोकणात पाठवला जात होता. गिरणीकामगार खानावळीत जेवी, गाळ्यात वीसजणांत झोपे. छातीचे दुखणे जडले की त्याची वळकटी गावाकडे निघे. तिथे बायको, आई, वहिनी त्याचे करीत. १९३१ सालच्या शाही मजूर आयोगाने गावाशी असलेले हे नाते टिकावे अशीच शिफारस केली होती. गाव हाच मजुराचा आजारपणातला आधार मानला गेला. आधार खरा, पण त्याचा खर्च गिरणीच्या जमाखर्चात कुठेही पडला नाही.

राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ सालचा. १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली, १९५४ साली मुंबईत आली. आजारी कामगाराला पगाराचा काही भाग मिळू लागला, पुढे कुटुंबालाही औषधोपचार मिळाले. पण आजाऱ्याचे करण्यासाठी जो घरी राहतो त्याच्या बुडालेल्या पगाराचे कलम त्या कायद्यात नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलेले नाही.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते एका बाईच्या हिशेबावरून कळते. ती औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा रिक्षा चालवी. त्याला पक्षाघात झाला. आधी तिने हक्काची रजा घेतली, मग बिनपगारी, मग राजीनामा दिला. पाच वर्षे पुरी व्हायला सात महिने कमी होते, म्हणून ग्रॅच्युइटी नाही. प्रॉव्हिडंट फंड काढून दवाखान्याचे देणे भागवले. आणि नवऱ्याचे औषधपाणी चालत होते ते तिच्याच विमा-कार्डावर! ती त्याच्यासाठी घरी बसली, वर्गणी थांबली आणि काही महिन्यांत त्याचे कार्डही बंद पडले. पतपेढीचा हप्ता थकला, मंगळसूत्रातले मणी तेवढे राहिले. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचे, म्हणून सलग झोप नाही. शेजारणी सुरुवातीला येत, पुढे त्यांचेही येणे कमी झाले. राजीनाम्याच्या अर्जात कारणाच्या जागी दोनच शब्द होते : घरगुती अडचण.

सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची बिनमोल शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया दिवसाला १३४ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ७६, असे आढळले. स्वयंपाक-धुणे याखेरीजचा हा वेळ. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद केली; मात्र सरकारच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती जोडून. केरळने 'आश्वासकिरणम्' या योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांचे करणाऱ्यांना मदत सुरू केली आणि ती पुढे महिना ६०० रुपयांपर्यंत नेली. सहाशे रुपये म्हणजे दिवसाला वीस. तरी त्या वीस रुपयांची पावती शुश्रूषा करणाऱ्याच्या नावाने फाटते.