८४ सेंटिमीटर उंचीचे भविष्य



तुरिन, १९७०. तेथील मोटार प्रदर्शनात बेर्तोने या वाहनरचना संस्थेने पाचरीच्या आकाराची एक गाडी मांडली. उंची अवघी ८४ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाहून थोडीशीच अधिक. तिला दारे नव्हतीच. समोरची काच वर उचलायची, गाडीच्या नाकावरील काळ्या रबरी पट्टीवर पाय ठेवायचा आणि आत शिरून जवळजवळ आडवे व्हायचे! तिचे नाव लान्चिया स्ट्रॅटोस झीरो.

आकार मार्चेल्लो गांदिनी यांचा. १९६८ च्या पॅरिस प्रदर्शनातील त्यांच्या काराबो या गाडीतच ही पाचर दिसली होती. १९७० च्या मार्चमध्ये प्रतिस्पर्धी पिनिनफारिनाने जिनिव्हात ९३.५ सेंटिमीटर उंचीची मोडुलो आणली. झीरो तिच्याहूनही बुटकी. या स्पर्धेला चढाओढ म्हणावे की उतराओढ, हे वाचकांनीच ठरवावे.

अशा गाड्यांकडे आपण स्वप्न म्हणून पाहतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी विचारावे, की हे स्वप्न कोणाला विकायचे होते?

तोट्यात बुडालेली लान्चिया १९६९ मध्ये फियाटने ताब्यात घेतली होती. लान्चियाचा ओढा दीर्घकाळ पिनिनफारिनाकडे होता आणि नुच्चो बेर्तोने यांना तेथे शिरकाव हवा होता. झीरोच्या पोटात डोकावले की हेतू उघड होतो. आत जेट नाही, टर्बाइन नाही. आहे ते लान्चियाच्याच फुल्व्हिया एचएफचे १.६ लिटरचे व्ही-४ इंजिन. बदल एकच, पण महत्त्वाचा: फुल्व्हियात पुढे असणारे हे इंजिन येथे आसनांच्या मागे गेले. कवच उद्याचे, यंत्र कालचे. माझ्या मते झीरो हे भविष्यकथन नव्हतेच. ते एका संभाव्य ग्राहकाला लिहिलेले पत्र होते.

ते पत्र पोहोचवण्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. नुच्चो बेर्तोने स्वतः झीरो चालवत लान्चियाच्या कारखान्याकडे गेले आणि फाटकाचा आडवा दांडा वर होण्याची वाट न पाहता त्याच्याखालूनच आत शिरले, असे सांगतात.

काम मिळाले. लान्चियाच्या स्पर्धा विभागाचे प्रमुख चेझारे फिओरिओ यांना फुल्व्हियाची वारसदार हवी होती. त्यातून खास रॅलीसाठी घडवलेली स्ट्रॅटोस एचएफ जन्मली. तिच्यात फेरारीचे २.४ लिटरचे डिनो व्ही-६ इंजिन बसले. फेरारीतही १९६९ मध्येच फियाटचा निम्मा वाटा आला होता, हे ध्यानात घ्यावे. १९७४, १९७५ आणि १९७६ अशी सलग तीन वर्षे निर्मात्यांचे जागतिक रॅली अजिंक्यपद लान्चियाकडे राहिले. एचएफला मात्र दोन्ही बाजूंना साधी दारे होती आणि त्यांच्या आत हेल्मेट मावेल एवढे कप्पे.

मूळ झीरो बेर्तोने संस्थेकडेच राहिली. संस्था आर्थिक अडचणीत सापडल्यावर, २०११ मध्ये, कोमो सरोवराकाठच्या लिलावात ती ७,६१,६०० युरोंना विकली गेली.