बोटीच्या पोटांतील माणसें

कळंबहून समुद्र शेंकडों मैल दूर. चिंतामणीच्या दर्शनास तेथें जाणाऱ्या भाविकाच्या मनांत दर्याचा विचार येण्याचें कारण नाहीं. तरीहि त्या यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या मातींत पिकलेल्या कापसाचा बाजार एके काळीं समुद्रापलीकडे होता. कापसाच्या गाठी आगगाडीनें मुंबईस जात आणि तेथून आगबोटींनीं परदेशीं रवाना होत. 1869 सालीं सुएझचा कालवा खुला झाला व मुंबई-लंडन हें अंतर सुमारें चार हजार मैलांनीं घटलें. या प्रगतीचें श्रेय वाफेच्या यंत्रास मिळालें. तें यंत्र चालतें ठेवणाऱ्या माणसांची मात्र फारशी कोणी विचारपूस केली नाहीं.

इंग्रज त्यांना सरसकट ‘लास्कर’ म्हणत. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या ब्रिटिश बोटींवर डेकवरील खलाशी बहुधा रत्नागिरी व गुजरातच्या किनाऱ्यावरील असत. उतारूंची सरबराई गोव्याच्या लोकांकडे असे. आणि भट्टीपाशीं राबणारे बरेचसे पंजाब व सरहद्द प्रांतांतील असत. प्रत्येक टोळीवर एक सारंग, त्याच्या हाताखालीं तांडेल, आणि रांधावयास भंडारी, अशी ही व्यवस्था होती.

भट्टीवर चार तास काम व आठ तास विसावा, असा क्रम रात्रंदिवस चाले. कोळसेवाले कोठारांतून कोळसा ओढून आणीत. आगवाले भट्टीचें दार उघडून तो फावड्यानें आंत पसरीत आणि जळून घट्ट झालेले थर लोखंडी पहारीनें फोडून बाहेर काढीत. तांबड्या समुद्रांत पाठीमागून वारा असला म्हणजे हवेच्या नळ्यांतून खालीं झुळूकहि उतरत नसे. अशा वेळीं कित्येकदां बोटीचें तोंड कांहीं काळ वाऱ्याकडे फिरवावें लागे. एरवीं माणसें उष्म्यानें कोसळत.

विसाव्याची जागा तरी कशी होती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायद्यानें युरोपीय खलाशास निदान 72 घनफूट जागा द्यावी लागे. हिंदी खलाशास 36 पुरेशी मानली जाई. म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद व तीन फूट उंच एवढी पोकळी! वेतन युरोपीयाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, कित्येकदां त्याहूनहि कमी. त्यांतूनहि नोकरी मिळवून देणाऱ्या घाट सारंगाची दस्तुरी व सावकाराचें व्याज जाई. 1931 सालच्या व्हिटले कमिशनच्या अहवालांत या भरतीच्या पद्धतीवर टीका झाली.

पुढें तेलानें कोळशाची जागा घेतली आणि आगवाल्याचा धंदा मावळला. दोन्ही महायुद्धांत हजारों हिंदी खलाशी बोटींबरोबर बुडाले. मुंबईंत मस्जिद बंदराजवळ, खलाशांच्या वसतिगृहांत, त्यांचें स्मारक आहे. ज्यांना समुद्रावांचून दुसरी कबर लाभली नाहीं, त्यांच्यासाठीं तें उभारलेलें आहे. कापसाच्या गाठींचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत राहिला. तो माल वाहून नेणाऱ्या या माणसांचा हिशेब तेथें पाहावयास मिळतो.