कोलारच्या खाणी आणि १४७ किलोमीटरची तार

ओहमचा नियम फळ्यावर तीन अक्षरांत मावतो. भारतात त्याची खरी कसोटी लागली ती १९०२ साली, म्हैसूर संस्थानात.

त्याआधी १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १३० किलोवॅटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले होते. परंतु तेथे वीज फार दूर न्यायची नव्हती. म्हैसूरचा प्रश्न निराळा होता. कावेरीचा प्रपात शिवनसमुद्र येथे, तर विजेची गरज कोलारच्या सोन्याच्या खाणींत. मधले अंतर सुमारे १४७ किलोमीटर. पाणी उपसणे, खनिज वर ओढणे, दगड भरडणे ही कामे तोवर वाफेच्या यंत्रांवर चालत आणि त्यांचे इंधन महाग पडे. दिवाण शेषाद्री अय्यर यांनी ही योजना उचलून धरली, पण वीज कोलारला पोहोचण्यापूर्वीच, १९०१ मध्ये, ते निवर्तले.

एवढ्या लांबीच्या तारेचा रोध टाळता येत नाही. जॉर्ज ओहम यांनी १८२७ च्या ग्रंथात मांडल्याप्रमाणे विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. पुढे जेम्स जूल यांनी दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या वर्गातच सारी मेख आहे.

आरंभीची क्षमता सुमारे ४३०० किलोवॅट आणि पारेषणाचा दाब सुमारे ३५,००० व्होल्ट. प्रत्यक्षातली थ्री-फेज रचना सोपेपणासाठी बाजूला ठेवू आणि तारांचा रोध २० ओहम मानू. हा आकडा केवळ उदाहरणापुरता. शक्तीला दाबाने भागल्यास धारा येते सुमारे १२३ अँपिअर. तिचा वर्ग गुणिले २०, म्हणजे जवळपास ३०० किलोवॅटचा व्यय. एकूण शक्तीच्या सात टक्के. आता दाब ३५०० व्होल्ट धरा. धारा दसपट होते, व्यय शंभरपट, म्हणजे ३०,००० किलोवॅट. केंद्राच्या क्षमतेच्या सातपट! वीज कोलारला पोहोचणारच नाही.

विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, हेही सूत्र खरे. मग दाब वाढवल्यावर व्यय वाढायला नको का? त्या सूत्रातला दाब तारेच्या दोन टोकांमधला, तारेतच खर्ची पडणारा आहे; तार आणि जमीन यांच्यातला नव्हे. वरच्या उदाहरणात तो १२३ गुणिले २०, म्हणजे २४६० व्होल्ट. त्याच्या वर्गाला २० ने भागा, उत्तर पुन्हा ३०० किलोवॅटच्या आसपास येते. पाठ्यपुस्तके ही दोन सूत्रे शेजारी छापतात, पण हा खुलासा क्वचितच करतात.

जून १९०२ मध्ये कोलारला वीज मिळाली. बंगळुरूचे दिवे त्यानंतर, ऑगस्ट १९०५ मध्ये लागले. शहराआधी खाण उजळली.

आज छत्तीसगडमधील रायगढपासून (हा आपला रायगड नव्हे) तमिळनाडूतील पुगलूरपर्यंत ६००० मेगावॅट क्षमतेची एकदिश धारेची वाहिनी जाते. तिचा दाब अधिक-उणे ८०० किलोव्होल्ट, म्हणजे दोन ध्रुवांत १६ लाख व्होल्ट. म्हणून धारा ३७५० अँपिअरवर भागते. हीच शक्ती शिवनसमुद्रच्या ३५,००० व्होल्टवर पाठवायची तर सुमारे १ लाख ७१ हजार अँपिअर लागतील.