दगड सूर्याकडे बघतात, की आपण त्यांना बघायला लावतो?

‘स्टोनहेंज ही प्राचीन वेधशाळा होती’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणारच. त्याची प्रसिद्धी बरीचशी जेराल्ड हॉकिन्स या खगोलशास्त्रज्ञामुळे झाली. १९६३ मध्ये त्यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला, दोन वर्षांनी पुस्तक. दगड आणि खड्डे जोडणाऱ्या रेषा त्यांनी संगणकावर तपासल्या. त्या सूर्य-चंद्राच्या उदयास्ताच्या टोकाच्या दिशांशी जुळतात, असा त्यांचा दावा. त्या काळी संगणकाचं नाव घेतलं की निम्मा वाद तिथेच संपायचा! पण तिथे स्वतः उत्खनन केलेले रिचर्ड अॅटकिन्सन गप्प बसले नाहीत. १९६६ मध्ये ‘अँटिक्विटी’त त्यांनी या दाव्याचा खरपूस समाचार घेतला.

अशा दाव्यांवरचा मुख्य आक्षेप कळायला कागद-पेन्सिल पुरे. अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या दिशा चार. चंद्राच्या टोकाच्या दिशा १८.६ वर्षांच्या चक्रात आत-बाहेर सरकतात, त्या धरा आठ. एकूण बारा. प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी दोन-दोन अंशांची सूट दिलीत की ४८ अंश व्यापले, म्हणजे ३६० पैकी साधारण १३ टक्के. आता वीस दगड घ्या. दोन-दोनच्या जोड्या होतात १९०. दगड कसेही विखुरलेले असोत, पंचवीसेक रेषा कुठल्या तरी ‘महत्त्वाच्या’ दिशेला लागणारच. त्यात तारे घेतलेत तर विचारूच नका. त्यांच्या उगवण्याच्या जागा शतकानुशतकं सरकत असतात, त्यामुळे बांधकामाचा काळ ढिला असेल तर हवा तो तारा बसवता येतो.

मग हेतू होता हे कशावरून ठरवायचं? एक वाट संख्येची. मायकेल हॉस्किन यांनी पोर्तुगालमधल्या आलेंतेजू आणि लगतच्या भागातली सात दगडांची थडगी (तिथे त्यांना ‘अंता’ म्हणतात) मोजली. १७७ थडगी, आणि एकूण एक सगळ्यांची तोंडं वर्षभरात सूर्य जिथून उगवतो त्या पट्ट्यात. तो पट्टा क्षितिजाचा जेमतेम सहावा हिस्सा आहे. एकच थडगं पाहिलं असतं तर सहात एक शक्यता म्हणून सोडून दिलं असतं. १७७ वेळा योगायोग होत नाही. मात्र यातून सिद्ध होते ती रीत, वेधशाळा नव्हे.

दुसरी वाट बांधणीची. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं. त्याच्या दरवाजाच्या वर एक वेगळी खिडकी आहे. २१ डिसेंबर १९६७ रोजी उत्खनक मायकेल ओ’केली पहाटे आत थांबले आणि त्या खिडकीतून आलेला किरण सुमारे १९ मीटरचा बोळ पार करून आतल्या खोलीत पोचलेला त्यांनी पाहिला. माणसांच्या ये-जा करण्यासाठी खाली दार होतंच, मग ही खिडकी कशासाठी? १९८९ मध्ये टॉम रे यांनी गणित करून दाखवलं, की बांधलं तेव्हा किरण ऐन सूर्योदयालाच आत शिरत असणार. इथे मला तरी शंका उरत नाही.

आणि स्टोनहेंज? त्याचा मुख्य अक्ष उन्हाळी अयनाच्या सूर्योदयाकडे, उलट बाजूने हिवाळी अयनाच्या सूर्यास्ताकडे आहे, हे पक्कं. पण गंमत २००८ मध्ये झाली. माइक पार्कर पीअर्सन यांच्या चमूला त्याच दिशेने जाणाऱ्या, हिमयुगात तयार झालेल्या नैसर्गिक सऱ्या सापडल्या. म्हणजे दिशा आधी निसर्गाने दिली, माणसांनी कदाचित ती ओळखून जागा निवडली. शेजारच्या ड्युरिंग्टन वॉल्समधल्या डुकरांच्या दातांवरून बरीचशी कत्तल हिवाळ्यातली दिसते. म्हणजे जून महिन्यात तिथे गर्दी करणारे आजचे लोक बहुधा सहा महिने चुकतायत.

आता आपल्याकडे. नागपूरजवळ जुनापाणीच्या शिळावर्तुळांतल्या काही दगडांवर खळगे कोरलेत, आणि त्यांच्या दिशांचा सूर्याशी संबंध जोडणारी मांडणी झालेली आहे. तुम्हाला ती तपासायची असेल तर कोणत्या दिशा, किती अंशांची सूट, हे जाण्याआधीच लिहून तारीख टाका. न जुळणारी वर्तुळंही मोजा. क्षितिजावर टेकडी असेल तर तिची उंची नोंदवा, कारण तिच्यामुळे उगवतीची जागा सरकते. आणि साध्या होकायंत्रावर विसंबू नका: विदर्भातला काळा बेसाल्ट त्याची सुई खुशाल ओढतो. सूर्याचा वेध घेऊन उत्तर ठरवा.