लघुलहरी ग्रहणातील रेडिओ व्यत्यय

लघुलहरी अर्थात शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ऐकताना विद्युत उपकरणे व वाहिन्यांमधून मिसळणाऱ्या अनावश्यक संकेतांना रेडिओ व्यत्यय म्हणतात. लघुलहरींची वारंवारता सुमारे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, तर तरंगलांबी १०० ते १० मीटर असते. आयनांबरामुळे पुन्हा पृथ्वीकडे वळून त्या हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. मात्र इतक्या अंतरावर संकेत क्षीण झालेला असल्याने घरातील एखाद्या दिव्याचा गोंगाटही तो झाकून टाकू शकतो.

पार्श्वभूमी

१९५२ मध्ये सुरू झालेला रेडिओ सिलोनवरील 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम भारतात लघुलहरींवरच ऐकला जात असे. त्या काळी घरोघरी विद्युत उपकरणे मोजकी असल्याने वळवाच्या पावसातील विजांचा कडकडाट हा मोठा अडथळा होता. आता मानवनिर्मित गोंगाट अधिक त्रासदायक ठरतो. व्यत्ययाच्या मर्यादा ठरविणारी 'सीआयएसपीआर' ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये स्थापन झाली.

प्रमुख स्रोत

* मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे व सौर चार्ज नियंत्रक : समान अंतरांवरील वारंवारतांवर पुन्हा पुन्हा आढळणारी घरघर.
* पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर : वेग बदलताच बदलणारा गुंजारव.
* विद्युतवाहिन्या : सैल जोड वा सदोष चिनीमातीच्या चिमण्यांवर उडणाऱ्या ठिणग्यांचा खरखराट. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने तो साधारणतः सेकंदाला १०० वेळा उमटतो. पावसात तो अनेकदा थांबतो.
* झटका मशीन : रानडुकरांपासून पिके राखणाऱ्या विद्युत कुंपणाची सुमारे दर सेकंदाला होणारी टिकटिक. तारेला गवत टेकल्यास ती वाढते.

शोधाची पद्धत

प्रथम रेडिओ सेलवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद केला जातो. इन्व्हर्टर अशा वेळी आपोआप सुरू होतो व स्वतःच गोंगाट करू शकतो, म्हणून तोही बंद करावा लागतो. आवाज थांबल्यास स्रोत घरातच असतो. मग एकेक स्विच सुरू करून दोषी उपकरण ओळखता येते.

आवाज कायम राहिल्यास स्रोत बाहेर असतो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरीसारख्या शेतीप्रधान भागात भारनियमनाची वेळ ही आयती चाचणी ठरते. संपूर्ण परिसराची वीज गेल्यावरही टिकणारा आवाज बहुधा बॅटरीवरील उपकरणाचा किंवा नैसर्गिक असतो. गोंगाट मध्यमलहरींवरही येत असल्यास रेडिओतील फेराइट सळईचा उपयोग होतो. सळईचे टोक स्रोताकडे असताना आवाज सर्वांत कमी होतो. दोन ठिकाणांहून घेतलेल्या दिशांच्या छेदनबिंदूजवळ स्रोत असण्याची शक्यता असते. मात्र लांब तारांमधून गोंगाट पसरल्यास दिशा फसवी निघू शकते.

उपाय

सदोष उपकरण बदलणे, त्याच्या तारेला फेराइट कडे बसविणे आणि अँटेना घराच्या वायरिंगपासून दूर मोकळ्यावर लावणे हे नेहमीचे उपाय आहेत. खांबावरील दोषाची माहिती वीज वितरण कंपनीला खांब क्रमांकासह दिली जाते. खांब हलविणे वा त्यावर चढणे प्राणघातक ठरू शकते.

खगोलशास्त्रातील महत्त्व

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिच्या वारंवारता लघुलहरींहून उच्च असल्या, तरी विद्युतवाहिन्यांवरील ठिणग्यांचा व्यत्यय तेथेही पोहोचतो.