प्रवेश नाकारलेली पत्नी : १९१३ चा एक निकाल आणि त्याची शिकवण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. परंतु माणसांच्या संसाराचे भवितव्य पुष्कळदा एखाद्या कचेरीतील टेबलावर, एखाद्या अर्जावर मारलेल्या शेऱ्याने ठरत असते, आणि असा एखादा शेरा कधी कधी फार मोठ्या इतिहासाला जन्म देतो. आज आम्ही ज्या प्रकरणाचा विचार करणार आहोत ते याच जातीचे आहे. एका माणसाने आपल्या पत्नीला आपल्याजवळ राहू द्यावे एवढीच मागणी केली. ती नाकारली गेली. त्याने न्यायालयात दाद मागितली, तीही फेटाळली गेली. आणि त्या एका नकारातून हजारो माणसे रस्त्यावर उतरली.

हे प्रकरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. रत्नागिरीच्या श्रोत्यांना त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, केपटाऊन शहरातील हिंदी मुसलमान समाजात कोकणी बोलणाऱ्या कुटुंबांचा मोठा भरणा आहे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील गावांतून तिकडे गेले. कोणी गोदीत राबले, कोणी किराणा मालाची दुकाने थाटली. दुसरे उत्तर असे की, या लढ्याच्या पाठीशी हिंदुस्थानातून जो पुरुष सर्वांत खंबीरपणे उभा राहिला तो याच जिल्ह्याचा. गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले.

कोकणातल्या माणसाला या गोष्टीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. घरधनी मुंबईला, कारभारीण गावी, आणि दोघांच्या मध्ये बोट आणि मनिऑर्डर, हा संसार आमच्या किती पिढ्यांनी केला आहे! केपला गेलेल्यांचाही संसार तसाच होता. मात्र मुंबई आणि केप यांत एक मोठा फरक होता. मुंबईला बायको नेण्यास चाकरमान्याला खोली मिळाली की पुरे असे. केपला नेण्यास सरकारची परवानगी लागे. आणि परवाना मागणाऱ्याला प्रथम हे सिद्ध करावे लागे, की ही बाई त्याची बायकोच आहे.

त्या काळचा कायदा असा होता. केप वसाहतीने १९०२ साली आणि पुन्हा १९०६ साली आगमनावर निर्बंध घालणारे कायदे केले. नव्याने येणाऱ्याला युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे, अशी त्यातली मुख्य अट. वरकरणी ती सर्वांना सारखी. व्यवहारात ती आशियाई माणसाला दाराबाहेर ठेवण्यासाठीच होती. जे आधीपासून रीतसर राहत होते त्यांना मात्र राहता येई, आणि अशा रहिवाशाची पत्नी व अज्ञान मुले यांना या अटीतून सूट होती. गावी जाऊन परत यावयाचे असेल तर जाण्यापूर्वी मुदतीचा परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र आणि अंगठ्याचे ठसे असत. मुदत टळली की रहिवासाचा हक्क धोक्यात येई. आईच्या आजारपणासाठी गावी आलेल्या माणसाला पावसाळ्यात बोट चुकली तर त्याने काय करावे, याचा विचार असल्या कायद्यात केलेला नसतो.

हसन इसप हे केप प्रांतातील असेच एक कायम रहिवासी. बाई मरियम ही त्यांची पत्नी. विवाह हिंदुस्थानात मुसलमानी धर्मविधीप्रमाणे झालेला. इसप यांनी पत्नीला प्रवेश मागितला तेव्हा आगमन अधिकाऱ्याने तो नाकारला. इसप यांनी केपच्या वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती माल्कम सर्ल यांनी निकाल दिला, आणि तो इसप यांच्या विरुद्ध गेला.

निकालाचे तर्कशास्त्र नीट पाहिले पाहिजे. कायद्यात ‘पत्नी’ हा शब्द होता. पत्नी म्हणजे कोण? न्यायमूर्तींनी म्हटले, या देशाचा कायदा जिला पत्नी मानतो ती. आणि ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक विवाहांची मुभा आहे, त्या धर्माप्रमाणे झालेला विवाह हा देश विवाह म्हणून मानीत नाही. इसप यांना किती बायका आहेत, हा प्रश्न त्यात गौण ठरला. त्यांनी दुसरा विवाह केला आहे असा आरोप नव्हता. त्यांच्या धर्माने तो करता आला असता, एवढेच पुरेसे मानले गेले. विचाराची ही धाटणी आफ्रिकेत जन्मलेली नव्हती. इंग्लंडात १८६६ साली, म्हणजे गोखल्यांच्या जन्मवर्षीच, ‘हाइड विरुद्ध हाइड’ या खटल्यात विवाहाची जी व्याख्या झाली, तिची छाया साऱ्या साम्राज्यावर पडली होती.

या निकालाचा घाव एकट्या मुसलमानांवर नव्हता. त्या काळी हिंदू विवाहातही पुरुषाला दुसरी बायको करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. ती आपल्याकडे मुंबई राज्यात १९४६ साली आणि देशभर १९५५ साली आली. तेव्हा सर्ल यांचा न्याय लावला तर दक्षिण आफ्रिकेतील हिंदू स्त्रियाही कायद्याने पत्नी ठरत नव्हत्या, आणि त्यांची मुले औरस ठरत नव्हती. गांधीजींनी सरकारकडे कायद्यात दुरुस्ती मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा आजवर लढ्यापासून दूर ठेवलेल्या स्त्रिया पुढे आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली, तीत कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. दुसरी एक स्त्रियांची तुकडी न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींकडे गेली आणि तेथील मजुरांनी काम बंद केले. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजारांहून अधिक पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले ट्रान्सव्हालच्या सीमेकडे चालू लागली. मजुरांच्या मनात मुख्यतः तीन पौंडांचा जाचक कर होता. स्त्रियांच्या मनात विवाहाचा अपमान होता. दोन्ही प्रवाह एकत्र आले.

इकडे गोखल्यांची प्रकृती ढासळत होती. १९१२ च्या ऑक्टोबरात ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते, केपटाऊनला उतरून त्यांनी साऱ्या वस्त्या पाहिल्या होत्या, आणि प्रधानांशी बोलून कर उठेल असा विश्वास घेऊन परतले होते. तो विश्वास पुढे खोटा ठरला. आता त्यांनी देशभर निधी गोळा केला, सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना आफ्रिकेला धाडले. २४ नोव्हेंबर १९१३ रोजी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रासेत या लढ्याविषयी उघड सहानुभूती दाखविली. चौकशी मंडळ नेमले गेले आणि १९१४ साली ‘इंडियन्स रिलीफ ॲक्ट’ झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मविधीने झालेल्या विवाहातील एका पत्नीला पत्नी म्हणून मान्यता मिळाली. एका अधिकाऱ्याच्या नकारापासून हा कायदा होईपर्यंत जे घडले, त्यात न्यायालयातले अपील हरले होते हे विसरता कामा नये. ते जिंकले न्यायालयाबाहेर.

मग अपील व्यर्थ होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. इसप यांनी कचेरीतला नकार मुकाट्याने गिळला असता, तर तो हजार नकारांपैकी एक ठरला असता. न्यायालयात गेल्यामुळे त्या नकारामागची कारणे न्यायाधीशाला उघडपणे लिहावी लागली. अन्याय कारणांसह कागदावर आला की त्याच्याशी झुंजता येते. मुका अन्याय हातात सापडत नाही. हे राज्यकर्त्यांनाही पुरते कळले असावे. कारण त्याच १९१३ साली जो नवा आगमन कायदा झाला त्याने अशी अपिले ऐकण्यासाठी निराळी मंडळे नेमली आणि न्यायालयांचे दार बहुतांशी लावून घेतले. पुढे १९५३ च्या दुरुस्तीने तर भारतातून पत्नी आणण्याची वाटच बंद केली. चाळीस वर्षांपूर्वी मिळविलेले असे गेले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाही. आपल्या देशात कोणास राहू द्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला नाही काय? आहे, निःसंशय आहे. विवाहाचे सोंग करून प्रवेश मिळविणारेही असतात, त्यांची चौकशी झालीच पाहिजे. परंतु इसप हे परके नव्हते. ते त्या देशाचे कायम रहिवासी होते. एका हाताने राहण्याचा हक्क द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने संसाराचा हक्क काढून घ्यावयाचा, म्हणजे ‘राहा, पण अर्धा राहा’ असे सांगणे होय. दक्षिण आफ्रिकेच्याच घटना न्यायालयाने २००० साली ‘दाऊद विरुद्ध गृहमंत्री’ या प्रकरणात हे मान्य केले. रहिवाशांच्या परदेशी जोडीदारांचे कायम वास्तव्याचे अर्ज चालू असता त्यांना देशात राहू द्यावे की नाही, हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडणारे कलम न्यायमूर्ती केट ओरेगन यांनी घटनाविरोधी ठरविले. पतिपत्नींना एकत्र राहू न देणे हा मानवी प्रतिष्ठेवरील घाला आहे, आणि कोणत्या कारणाने नकार द्यावा हे कायद्याने अधिकाऱ्याला सांगितलेच पाहिजे, असा त्या निकालाचा आशय. सर्ल यांच्या निकालानंतर सत्त्याऐंशी वर्षे गेली होती.

आता आपण आपल्या घराकडे पाहू. दुसऱ्याच्या अन्यायावर व्याख्यान देणे सोपे असते. आमच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीयाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीचा अर्ज करता येतो. परंतु त्याच कायद्याचे चौदावे कलम सांगते की अर्ज मान्य करणे वा नाकारणे हे अधिकाऱ्यांच्या विवेकावर आहे आणि कारणे देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. खालच्या अधिकाऱ्याने नकार दिल्यास तीस दिवसांत केंद्र सरकारकडे फेरविचार मागता येतो. राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयाचे दारही आहे. दारे आहेत हे खरे. पण ज्याला नकाराचे कारणच सांगितलेले नाही त्याने अपिलात खोडावयाचे ते काय? सर्ल यांचा निकाल अन्यायाचा होता, तरी त्यात कारणे होती. म्हणूनच तर तो उलथता आला.

जाता जाता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. त्या खटल्याच्या शीर्षकात एका बाजूला इसप यांचे नाव आहे, दुसऱ्या बाजूला मंत्र्याचे. जिच्या प्रवेशाचा प्रश्न होता तिचे नाव शीर्षकात नाही. बाई मरियम ही अर्जाचा विषय होती, अर्जदार नव्हती. गोखल्यांच्या जिल्ह्याने त्यांची आठवण ठेवावी ती केवळ पुतळ्याला हार घालून नव्हे. परमुलखातून लग्न होऊन आपल्याकडे आलेली एखादी सून, किंवा परदेशी गेलेली आपली लेक, कचेरीतला कागद हातात घेऊन आपल्याकडे येईल, तेव्हा ‘सरकारी काम आहे, आपण काय करणार’ असे न म्हणता, ‘नकार का दिला ते लेखी माग’ एवढे तरी आपण तिला सांगावे. इसप यांनी हरलेल्या अपिलाचे ऋण फेडावयाचे तर ते असेच फिटेल.