चाळिशी आणि चष्म्याची चिठी

खानदेशांतील दोंडाईचा ही मिरचीची प्रसिद्ध पेठ. अशा पेठेंत अडत्याची वही लिहिणारा मुनीम पन्नाशीकडे झुकला कीं कागद हातभर दूर धरूं लागतो, आणि लोक म्हणतात, “यांना चाळिशी लागली.” मोल्स्वर्थच्या १८५७ च्या कोशांत या शब्दाचे दृष्टिमांद्य आणि चष्मा असे दोन्ही अर्थ आहेत. रोगाचें नांव वयावरून, आणि औषधाचें नांवही वयावरूनच!

चष्मा आपणांस नवा नव्हे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो इटलींत निर्माण झाला. विजयनगरचे व्यासराय सोळाव्या शतकांत चष्मा लावून वाचीत, असा उल्लेख ‘व्यासयोगिचरित’ या संस्कृत काव्यांत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील प. कृ. गोडे यांनीं १९४७ सालीं आपल्या संशोधनांत तो पुढें मांडला.

वयावरून भिंग देण्याची रीत अगदींच निराधार नव्हती. डोळ्यांतील भिंगाची लवचिकता वयाबरोबर घटते व वाचनासाठीं लागणारें साहाय्य त्या मानानें वाढतें. परंतु दोन डोळ्यांतील भेद वय सांगत नाहीं, कीं बुबुळाच्या वक्रतेंतील विषमताही सांगत नाहीं. ही विषमता टॉमस यंगनें १८०१ सालीं वर्णिली. एअरीनें १८२५ सालीं स्वतःच्या डोळ्यासाठीं तदनुरूप भिंग करविलें. स्नेलेनचा अक्षरतक्ता १८६२ चा, डाँडर्सचा दृष्टिदोषांवरील ग्रंथ १८६४ चा, आणि ज्यास आपण ‘नंबर’ म्हणतों तें डायॉप्टरचें माप १८७२ चें. वयाचें राज्य जाऊन मोजमापाचें आलें तें असें.

मात्र मोजणारा आणि विकणारा पुष्कळदा एकच असतो. ब्रिटननें १९५८ सालीं या व्यवसायाची नोंदणी कायद्यानें बांधली, आणि १९८९ च्या नियमांनीं तपासणी होतांच चिठी रुग्णाच्या हातीं देणें बंधनकारक केलें. मग चष्मा त्यानें वाटेल तेथें करवावा. आपल्याकडे २०२१ च्या कायद्यानें ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टिमापक, हे मान्य आरोग्य-व्यावसायिकांत गणले गेले.

कायदा नोंदवहीपुरता राहूं नये, एवढेंच आमचें म्हणणें. चिठींत दोन्ही डोळ्यांचे अंक, सिलिंडर व त्याचा अक्ष, वाचनाचा वाढीव अंक, तारीख आणि सही असावी. ती न मागतां मिळावी. नंबर बदललेला नसेल तर “नवा चष्मा नको” असें सांगण्याचें धैर्य तपासणाऱ्याच्या अंगीं असावें.

आणि अक्षर स्वच्छ दिसलें म्हणजे डोळा निरोगी, हा भ्रम तर मुळींच नसावा. काचबिंदु पुष्कळदा दुखत नाहीं. मधली दृष्टि दीर्घकाळ राखून तो कडेची दृष्टि खात जातो. वयावरून चाळिशी घेतलेल्या मुनिमास वहींतले आंकडे लख्ख दिसतात, आणि म्हणूनच तो डोळे दाखविण्यास जात नाहीं. पुढें कळतें, तोंवर गेलेली दृष्टि कोणत्याही भिंगानें परत आणतां येत नाहीं.